रॅसच्या पत्रिका जुळवायच्या आहेत (१२० गॅलन, रीफ टाकी)

खारं_पाणी | २ मार्च, रात्री १०:४०

मंडळी, इतकी वर्षं इथे फुकटात पाककृती वाचल्या, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मुक्काम न्यू जर्सी. बेसमेंटमध्ये १२० गॅलनची, म्हणजे साधारण साडेचारशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. दीड वर्ष झालं. कोरल (प्रवाळ) सोपे सोपेच: झोआ, हॅमर, टॉर्च, एक लेदर. मासे: क्लाऊनफिशची जोडी, पिवळा टँग, रॉयल ग्रामा आणि एक सिक्सलाईन रॅस. वाळूचा थर दीड इंच, दाणा जरा जाड. वरती झाकण नाही, उघडी टाकी छान दिसते म्हणून.

ज्यांना रॅस माहीत नाहीत त्यांच्यासाठी: उच्चार 'रॅस', इंग्रजी स्पेलिंगमधला पहिला डब्ल्यू मुका. लॅब्रिडी कुळातले मासे, पाचशेच्या वर जाती. बोटाएवढ्या सिक्सलाईनपासून दोन मीटरच्या नेपोलियनपर्यंत सगळे एकाच कुळातले. छातीचे पर वल्ह्यासारखे मारत पोहतात, त्यामुळे चाल ओळखू येते. रंगांबद्दल मी काय बोलू, पैठणीचं दुकान उघडल्यासारखं वाटतं.

तर मला टाकीत रॅसच रॅस हवेत. यादी केली आहे:
मॅक्कॉस्कर्स फ्लॅशर, सोलोरेन्सिस फेअरी, लेपर्ड रॅसची जोडी, मेलानूरस, क्लीनर रॅस, आणि रेड कोरिसचं पिल्लू (नारिंगी अंग, पाठीवर पांढरे ठिपके, लेकीने दुकानात बघितल्यापासून त्याचंच पालुपद आहे).

दुकानदार म्हणाला सगळे जमतील. मला शंका आहे. कोणाची पत्रिका कोणाशी जुळते?

पुणेरी_पापलेट | २ मार्च, रात्री ११:१५

दुकानदार 'जमणार नाही' म्हणाला तर तो दुकानदार कसला.

(खाऱ्या माशांतलं मला फक्त तव्यावरचं कळतं. तरी वाचतोय.)

बोंबील | ३ मार्च, सकाळी ७:०५

अभिनंदन, इतकी मोठी टाकी आणि अजून घरात शांतता आहे म्हणजे वहिनी थोर आहेत.

आता कडू बोलतो. तुमच्या यादीतल्या एकाही माशाआधी जो मासा टाकीत आहे त्याच्याबद्दल बोलायला हवं. सिक्सलाईन. तीन इंचांचा गुंड. पहिले सहा महिने गोजिरा दिसतो, खडकातून डोकावतो, किडे टिपतो. मग त्याला वाटायला लागतं की टाकी त्याच्या आजोबांनी बांधली. नवीन आलेला लाजरा रॅस तो कोपऱ्यात दाबून धरतो, पर फाडतो, खाऊ देत नाही. आठवड्याभरात मासा संपतो आणि आपण म्हणतो पाणी बिघडलं असेल.

सगळे सिक्सलाईन असे नसतात. माझ्या मेहुण्याकडचा आठ वर्षं साधू होता. पण तुमच्याकडे दीड वर्षाचा मुरलेला आहे आणि तुम्हाला त्याच्यावर फ्लॅशर सोडायचे आहेत, जे या कुळातले सगळ्यात भिडस्त. ही पैज मी लावणार नाही. त्याला काढा. मग यादी.

यादीतून रेड कोरिस आत्ताच कापा. ते पिल्लू मोठं होऊन फूटभराच्या वर जातं, रंग पार बदलतो, खडक उलटेपालटे करतं, गोगलगाय, खेकडे, झिंगे काही शिल्लक ठेवत नाही. लेकीला सांगा तो मासा 'तात्पुरता' सुंदर आहे.

मृगजळ | ३ मार्च, सकाळी ९:५०

बोंबीलदादांना अनुमोदन, आणि क्लीनर रॅसही कापा. समुद्रात तो दिवसभर शेकडो माशांच्या अंगावरचे परजीवी आणि चिकटा खातो. तुमच्या पाच माशांवर त्याचं पोट भरत नाही, बहुतेक उपाशी मरतात. जगला तर टँगच्या मागे लागून त्याला हैराण करतो. शिवाय दुकानात कधी कधी त्याचा तोतया विकला जातो: दिसायला हुबेहूब, पण असते ब्लेनी नावाची वेगळीच जात, आणि ती इतर माशांचे लचके तोडते. ओळख म्हणजे तोंड. क्लीनरचं तोंड टोकाला असतं, तोतयाचं खाली.

वाईट वाटतं, कारण फार हुशार मासा आहे. २०१९ साली आरशाची चाचणी त्याने पार केली असा शोधनिबंध आला होता: अंगावरचा डाग आरशात बघून तो वाळूवर घासत होता. आणि त्यांच्या जनानखान्यातला नर मेला की सगळ्यात मोठी मादी काही तासांत नरासारखी वागू लागते, पुढे खरोखर नर होते. बहुतेक रॅस जन्मतः मादी असतात आणि पुढे त्यातल्या काही नर होतात. हे लक्षात ठेवा, खरेदीला उपयोग आहे: एकाच जातीचे दोन नर कधीच नाहीत, पण दोन माद्या आणल्या तर त्यातली एक पुढे आपोआप नर होऊ शकते.

मी अबू धाबीला. माझी टाकी लहान आहे पण लेपर्ड सहा वर्षं सांभाळतेय, म्हणून त्याबद्दल लिहिते. लेपर्ड, मेलानूरस, पिवळा कोरिस (नाव कोरिस, असतो हॅलिकोरस, दुकानातल्या पाट्यांवर जाऊ नका) हे सगळे रात्री वाळूत गाडून झोपतात. घाबरले तरी वाळूतच सूर मारतात. तुमची जाड दाण्याची दीड इंच वाळू म्हणजे त्यांना खडीवर झोपवण्यासारखं, अंग खरचटतं, जखम चिघळते. साखरेएवढी बारीक वाळू हवी, किमान दोन-अडीच इंच. सगळ्या टाकीत नको असेल तर खडकामागे एखाद्या पसरट डब्यात भरून ठेवा, तेवढ्यावर भागतं. फेअरी आणि फ्लॅशर वाळूत झोपत नाहीत. ते खडकाच्या फटीत शिरून तोंडातून चिकटा काढतात आणि त्याच्या कोषात झोपतात. सकाळी पाण्यात जेलीसारखं काही तरंगताना दिसलं तर घाबरू नका, कोणाचं तरी पांघरूण आहे.

आणि झाकण! झाकणाशिवाय रॅस म्हणजे गच्चीला कठडा नाही आणि पोरं पतंग उडवतायत.

तात्या_तारकर्ली | ३ मार्च, दुपारी १:२०

आमच्या हयसर मालवणाक मास्क लावन पाण्यात तोंड घातलां की हिरवो-निळो, शेपटेक चंद्रकोर असलेलो मासो समोर येता. मून रॅस म्हणतत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांका दाखवतंय मी रोज. फुकट. झाकण नको, वाळू नको.

पण लिवा तुम्ही, वाचूक मजा येता.

शेवाळ | ३ मार्च, रात्री ९:३०

तात्या, तोच मून रॅस मी कुर्ल्याच्या मत्स्यबाजारातून आणला होता! तेव्हा बोटभर होता. वर्षभरात वीतभर झाला, दोन क्लीनर झिंगे, एक डॅमसेल आणि माझी झोप खाल्ली. थॅलसोमा वंशातले सगळे असेच, दिवसभर गस्त घालतात, तोंडात मावेल ते गिळतात. चार फुटी टाकी त्यांना पुरत नाही. शेवटी एका ओळखीच्या आठ फुटी टाकीवाल्याला दिला.

मुंबईकरांनी हा धागा वाचताना एक ध्यानात ठेवा. धागाकर्ते अमेरिकेत आहेत. आपल्याकडे २००१ पासून समुद्रातले दगडी कोरल, सी फॅन वगैरे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. बाजारात कोणी 'सगळं चालतं हो' म्हणालं तरी ते घरी आणायचा विचार करू नका. मी फक्त मासे ठेवतो, खडक सिरॅमिकचे. मे महिन्यात चिलरचं बिल येतं तेव्हा तेही का ठेवतो असं वाटतं. चिलर बंद पडला की टाकी दुपारपर्यंत बत्तीस अंश. रॅस तेव्हा पृष्ठभागाला येऊन धापा टाकतात, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

खारं_पाणी | ४ मार्च, रात्री ११:००

बापरे. एका रात्रीत यादी निम्मी. कोरिस आणि क्लीनर कापले. लेकीला अजून सांगितलेलं नाही.

सिक्सलाईनबद्दल मन तयार होत नाहीये. टाकीतला माझा पहिला रॅस तो. पण काल तुमचे प्रतिसाद वाचून अर्धा तास खुर्ची टाकून नुसता बघत बसलो. ग्रामा खायला बाहेर आला की हा आडवा येतो. आजवर मला वाटायचं ग्रामा लाजाळू आहे.

काढायचा कसा? दीडशे पौंड खडक आहे.

बोंबील | ५ मार्च, सकाळी ६:५०

जाळी घेऊन मागे धावू नका. खडक हलवाल, कोरल मोडाल, मासा हसेल.

सोड्याची दोन लिटरची बाटली घ्या. वरचा भाग कापून उलटा आत बसवा, नरसाळं झालं. चिकटवून नका टाकू, क्लिपा लावा, मासा काढायला सोपं. आत मायसिसचा (कोळंबीसारखे बारीक जीव, माशांचा खाऊ) गोठवलेला तुकडा. एक दिवस टाकीला उपास. पहिले दोन-तीन दिवस नुसती ठेवा, त्याला सवय होऊ दे. बाजारात पारदर्शक सापळेही मिळतात, दार दोरीने पाडायचे. त्यांना धीर लागतो आणि दोरी धरायला माणूस.

खारं_पाणी | १६ मार्च, रात्री ८:१५

अपडेट.
दिवस १: टँग अडकला.
दिवस ३: टँग.
दिवस ४: टँग. आता तो स्वतःहून जातो, खाऊन झालं की माझ्याकडे बघतो.
दिवस ६: दोन्ही क्लाऊन. एकत्र.
सिक्सलाईन बाटलीच्या तोंडाशी येतो, आत बघतो, निघून जातो.

आज दिवस ११. बायकोने विचारलं, तो सकाळी सगळ्यात आधी उठतो ना? मग दिवे लागायच्या आधी ठेव. पहाटे साडेपाचला बाटली ठेवली, पावणेसहाला साहेब आत. टँग अजून झोपला होता.

जवळच्या दुकानाने घेतला, त्याबदली पुढच्या खरेदीसाठी थोडी रक्कम खात्यावर जमा करून दिली. घरी आल्यावर ग्रामा टाकीच्या मधोमध पोहत होता. दीड वर्षात पहिल्यांदा.

पुणेरी_पापलेट | १६ मार्च, रात्री ८:४०

वहिनींचा सत्कार झाला पाहिजे. टँगचाही.

मृगजळ | १७ मार्च, सकाळी १०:३०

छान! आता घाई करू नका. क्वारंटाईनची टाकी आहे का? वीस गॅलनची साधी पुरते, हीटर, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे तुकडे आणि तिलाही झाकण. पांढरे ठिपके आणि वेल्वेट हे दोन रोग रॅसबरोबर फार येतात. तांब्याचं औषध कोरलच्या टाकीत कधीच टाकता येत नाही, झिंगे-गोगलगायी-कोरल सगळं मरतं. म्हणून उपचार बाहेरच व्हायला हवेत. वाळूत झोपणाऱ्यांसाठी एका डब्यात वाळू ठेवा, पण ती सिलिकाची. आपल्या टाकीतली अरागोनाईट वाळू तांबं शोषून घेते आणि मात्रा कळेनाशी होते.

क्रम असा ठेवा: आधी फ्लॅशर. मग लेपर्ड. मग पिवळा कोरिस किंवा मेलानूरस. फेअरी सगळ्यात शेवटी. जो जितका दांडगा तो तितका उशिरा.

बोंबील | १७ मार्च, दुपारी १२:१०

क्रम बरोबर, पण सोलोरेन्सिसवर फुली मारा असं माझं मत. देखणा आहे, स्वस्त आहे, आणि फेअरींमधला तापट. स्कॉट्स फेअरी तर त्याहून. चार फुटी टाकीत फ्लॅशरच्या जोडीला एक्स्क्विझिट फेअरी घ्या.

मेलानूरसही नको. मोठा झाला की लहान गोगलगायी आणि पंख्यासारखे पिसारे असलेले नळीतले किडे साफ करतो.

मृगजळ | १७ मार्च, दुपारी ३:४५

मेलानूरसवर मी असहमत. झोआ आहेत म्हणजे त्यांना कुरतडणाऱ्या किड्यागोगलगायी आज ना उद्या येणारच. हे सगळं आणि चपटे किडेही मेलानूरस टिपतो. औषध टाकण्यापेक्षा मासा बरा. तीन वर्षं माझ्याकडे आहे, झिंग्यांना हात लावलेला नाही.

बोंबील | १७ मार्च, दुपारी ४:०२

माझ्याकडच्याने पेपरमिंट झिंगा खाल्ला. कात टाकल्यावर, मऊ असताना. मी बघत होतो.

मृगजळ | १७ मार्च, दुपारी ४:२०

तुमचे मासेही तुमच्यासारखेच तापट, दादा :)

बरं, तडजोड: पिवळा कोरिस. चपटे किडे तोही खातो, चार-साडेचार इंचांवर थांबतो आणि स्वभावाने गरीब. पिवळ्या टँगच्या टाकीत पिवळाच मासा हे मात्र नजरेला कसं वाटेल ते तुम्ही बघा. टँग रंग बघून चिडण्याची शक्यता आहे, आकार वेगळा असल्याने बहुधा नाही चिडणार.

शेवाळ | १७ मार्च, रात्री १०:००

अवांतर, पण राहवत नाही: फेअरी रॅसच्या अजूनही नवीन जाती सापडतायत. २०२२ साली मालदीवमधली एक गुलाबी जात नोंदवली, नाव सिऱ्हिलाब्रस फिनिफेन्मा. फिनिफेन्मा म्हणजे त्यांच्या धिवेही भाषेत गुलाब. नाव देणाऱ्यांत मालदीवचा स्वतःचा शास्त्रज्ञ होता, आणि मालदीवच्या माणसाने मालदीवच्या माशाला शास्त्रीय नाव देण्याची ती पहिली वेळ. त्याआधीच हा मासा शौकिनांच्या बाजारात विकला जात होता, हेही खरं. २०१९ मध्ये झांझिबारजवळच्या एका जांभळ्या जातीला 'वकांडा' नाव दिलं होतं.

आमच्या कोकणासमोर समुद्रात बुडालेल्या प्रवाळाच्या पठारावर, अँग्रिया बँकेवर, कोण कोण राहत असेल कोणास ठाऊक.

तात्या_तारकर्ली | १८ मार्च, सकाळी ६:१५

रवात ते थंय. तुमच्या बाटलीत येवक नको.

खारं_पाणी | २८ मे, रात्री ९:५०

मोठा अपडेट, गोड-कडू दोन्ही.

वाळू बदलली (टाकीतल्या टाकीत, दोन शनिवार गेले, पाठ गेली). झाकण बनवलं: खिडकीच्या जाळीची ॲल्युमिनियमची चौकट, वर पाव इंची पारदर्शक जाळी. उघडी टाकी छान दिसायची, हे आता बोलत नाही.

मॅक्कॉस्कर्स फ्लॅशर एक नर आणि दोन माद्या. क्वारंटाईन करून २५ एप्रिलला टाकीत. संध्याकाळी साडेचार-पाचला नर सगळे पर उभारून माद्यांपुढे सर्रकन जातो, त्या एका क्षणात अंगावर वीज चमकल्यासारखा रंग चढतो आणि लगेच उतरतो. फोन काढेपर्यंत संपतं. माझ्याकडे फक्त निळ्या धुरकट रेघांचे साठ फोटो आहेत.

लेपर्डची जोडी ९ मेला क्वारंटाईनमध्ये आली. आली तशी वाळूत गेली. दोन दिवस, तीन दिवस, पत्ता नाही. मला वाटलं मेले. रोज वाळू उकरायचा मोह व्हायचा.

मृगजळ | २८ मे, रात्री १०:२०

उकरली नाहीत ना?

खारं_पाणी | २८ मे, रात्री १०:४५

नाही. तुमचा आधीचा प्रतिसाद चार वेळा वाचला. पाचव्या दिवशी रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो तर दोघे बाहेर, दिवे बंद, आरामात फिरतायत. जिकडून आले तिकडच्या घड्याळावर होते. मग रोज त्यांच्या वेळेला थोडं खायला दिलं, दिवा थोडा थोडा अलीकडे आणला. आता दुपारी बारापर्यंत उठतात. माझ्या कॉलेजमधल्या भावाएवढं. जिवंत कोपेपॉड आणि ब्राइन श्रिंप खातात, कालपासून गोठवलेले मायसिसही. दिवसातून चारदा खायला घालतोय, ऑफिस घरूनच आहे म्हणून जमतं.

कडू भाग: फ्लॅशरची एक मादी गेली. ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी बाहेर जायच्या कप्प्याच्या) मागे नळ्या आणि केबल जातात तिथे जाळीला मी खाच कापली होती. दोन बोटं रुंद. तीन दिवस ती दिसली नाही, मग स्टँडच्या मागे कार्पेटवर सापडली, वाळून कडक. चार फूट बाय दोन फूट झाकणात तिने नेमकी ती दोन बोटं शोधली. लेकीला सांगावं लागलं.

खाच आता स्पंजने बुजवली आहे.

बोंबील | २९ मे, सकाळी ७:१०

वाईट वाटलं. सगळ्यांची एक गेलेली असते, माझी ऑटोफीडरच्या भोकातून गेली.

फेअरी आणाल तेव्हा थेट सोडू नका. पारदर्शक भोकाभोकांचा डबा टाकीतच टांगून त्यात चार-पाच दिवस ठेवा. सगळे बघतील, काचेवर तोंड आपटतील, कंटाळतील. कंटाळले की सोडा. टँग फार चिडला तर टाकीच्या दुसऱ्या टोकाला बाहेरून आरसा लावा, तो स्वतःशीच भांडत बसतो.

खारं_पाणी | २२ जून, रात्री ८:३०

एक्स्क्विझिटचा नर काल सोडला. पाच दिवस डब्यात होता. टँगने पहिल्या तासात दोनदा शेपूट दाखवली, मग आरशाकडे गेला. फ्लॅशर नर मात्र नवीन पाहुणा आल्यापासून दिवसातून दहा वेळा पर उभारतोय, जळतोय बहुतेक. लेपर्डची मोठी मादी जरा गडद व्हायला लागली आहे, नर होतेय का काय कोण जाणे. पिवळा कोरिस क्वारंटाईनमध्ये आहे. मृगजळताई, हो, तुमचा क्रम मोडला आहे. दुकानात एक्स्क्विझिट आधी आला.

नवा_दर्यावर्दी | २३ जून, सकाळी ११:०५

खूप माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. पूर्ण वाचला नाही अजून. मी पण सेंट्रल जर्सीत, ३० गॅलनची नवीन टाकी लावली आहे. पहिला मासा म्हणून सिक्सलाईन घ्यावा म्हणतोय, दुकानात एक फार सुंदर आहे, एकदम माणसाळलेला, काचेपाशी येतो. दुकानदार म्हणाला कोणाशीही जमेल.

खारं_पाणी | २३ जून, सकाळी ११:२०

त्याच्या डाव्या परावर छोटी खाच आहे का?

नवा_दर्यावर्दी | २३ जून, सकाळी ११:२६

हो! तुम्हाला कसं कळलं?